पिस्तिस वही, भाग ४ : तीन रंग पुरले नाहीत

बऱ्याच दिवसांनी अपडेट देतेय, बायबलच्या नव्या करारात पिस्तिस (विश्वास) हा ग्रीक शब्द येतो त्या सगळ्या जागा वहीत उतरवण्याच्या माझ्या उपक्रमाचं. मागच्या भागात मत्तय, मार्क, लूक झाले होते, आता त्यात प्रेषितांची कृत्ये, रोमकरांस, गलतीकरांस, इब्री लोकांस आणि याकोब एवढी भर पडलीय. म्हणजे नव्या करारातल्या २४३ पैकी १४९ जागा वहीत उतरल्या, ९४ बाकी. क्रियापदाच्या पानांवर योहान पूर्ण झाला, त्याचं खाली येतेच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. नव्या करारात मूळ ग्रीकमध्ये जिथे जिथे पिस्तिस हा शब्द येतो, ज्याचं आपण विश्वास असं भाषांतर वाचतो, ते प्रत्येक वचन हाताने उतरवायचं, मागची पुढची दोन-दोन वचनं पण लिहायची, आणि मग शब्दाखाली रंगाची रेघ. निळा म्हणजे एखादी गोष्ट खरी मानणं. हिरवा म्हणजे कोणावर तरी भरवसा टाकणं. लाल म्हणजे विश्वासूपणा, दिलेल्या शब्दाला जागणं. क्रियापद पिस्तेउओ आणि विशेषण पिस्तोस यांची पानं वेगळी.

सुरू केलं तेव्हा मला पक्कं वाटत होतं की निळी पेन्सिल सगळ्यात आधी संपणार, कारण विश्वास म्हणजे न दिसणारी गोष्ट खरी धरून चालणं असंच डोक्यात बसलेलं होतं, आणि आता १४९ जागांनंतर परिस्थिती अशी आहे की हिरवी अर्धी झालीय, लाल बऱ्यापैकी झिजलीय आणि निळीला मी एकदाच टोक केलंय. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये, वही उघडली की दिसतं.

लाल रंगाचा पहिला धक्का मत्तय २३:२३ ला बसला होता, तिथे येशू नियमशास्त्रातल्या जास्त वजनाच्या गोष्टी सांगतो, न्याय, दया आणि पिस्तिस. न्याय आणि दयेच्या शेजारी बसलेली ही तिसरी गोष्ट मनातली समजूत असू शकत नाही, ती माणसांशी वागण्याची रीत आहे. यावेळी रोम ३:३ आलं आणि तो मुद्दा अजून घट्ट झाला. तिथे चक्क देवाची पिस्तिस आहे, काही लोक अविश्वासू निघाले म्हणून देवाची पिस्तिस रद्द होईल का, असा ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचा सवाल. आता देव काय कशावर श्रद्धा ठेवणार, तो शब्द पाळतो. म्हणजे भरवसा टाकणाऱ्याला जो शब्द तोच भरवसा सांभाळणाऱ्याला. ग्रीकमध्ये ही दोन टोकं एकाच शब्दात आहेत आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे.

मग प्रेषितांची कृत्ये १७:३१. अथेन्समध्ये पौल म्हणतो की देवाने येशूला मेलेल्यांतून उठवून सगळ्यांना पिस्तिस दिली. इथे तिन्ही रंग लावून बघितले, एकही बसेना. अर्थ आहे हमी, खात्री पटवणारी गोष्ट, जवळजवळ पुरावाच. ज्या शब्दाला आपण पुराव्याच्या उलट मानतो तोच शब्द इथे पुरावा म्हणून उभा. चौथी पेन्सिल उघडली, तपकिरी. सध्या तिच्या खात्यात हे एकच वचन आहे.

रंग का पुरत नाहीत याचं उत्तर शोधायला मागे जुन्या कराराच्या हिब्रूत गेले आणि तिथे दोन आठवडे रमले, प्लॅनमध्ये नव्हतं पण खूप मिळालं. हिब्रू शब्द एमूना. निर्गम १७:१२ वाचा. अमालेक्यांशी लढाई चाललीय, मोशेचे हात वर असले की इस्राएल वरचढ, हात खाली आले की अमालेकी. हात भरून येतात, मग त्याच्याखाली धोंडा ठेवतात, अहरोन आणि हूर एकेका बाजूने हात धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात एमूना राहिले. म्हणजे स्थिर, न ढळणारे. ज्या शब्दाचं इतर ठिकाणी विश्वासूपणा असं भाषांतर होतं, तो इथे दोन दमलेल्या हातांबद्दल आहे, आणि तेही दुसऱ्यांनी धरून ठेवलेल्या हातांबद्दल! हे वचन मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, २४३ च्या बाहेरचं असूनही.

हा धातू आलेफ-मेम-नून, म्हणजे अ-म-न. आमेन त्यातलाच. आणि आपल्याकडे अरबीतून आलेले इमान आणि अनामत हे पण त्याच मुळाचे, अरबी आणि हिब्रू एकाच घरच्या भाषा असल्यामुळे. इमानदार, बेइमान हे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यात श्रद्धेपेक्षा वागणुकीचाच वास जास्त आहे ना? अनामत तर त्याहून छान, विश्वासाने दुसऱ्याच्या हाती ठेवलेली ठेव. मराठीत आपण विश्वास "ठेवतो" हे पण त्या जोडीला लिहून ठेवलंय. तो वेगळा योगायोग आहे, धातूशी संबंध नाही, पण पुढे डोकावून २ तीमथ्य १:१२ बघितलं तर पौल एकाच वाक्यात म्हणतो की मी ज्याच्यावर विश्वास ठेवलाय त्याला ओळखतो आणि तो माझी ठेव त्या दिवसापर्यंत सांभाळायला समर्थ आहे. विश्वास आणि ठेव शेजारी शेजारी.

जुन्या करारातल्याच हबक्कूक २:४ वर एक अख्खं पान गेलं. नीतिमान विश्वासाने जगेल हे वाक्य आपल्याला पौलामुळे पाठ असतं, रोम १:१७ आणि गलती ३:११. पण हिब्रूत आहे "त्याच्या एमूनाने", म्हणजे नीतिमानाच्या स्वतःच्या. जुन्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुअजिंटमध्ये, ते "माझ्या पिस्तिसने" असं येतं, बोलणारा देव आहे, म्हणजे देवाच्या. आणि पौल काय करतो, "त्याच्या" पण नाही आणि "माझ्या" पण नाही, नुसतंच "पिस्तिसने". विश्वासूपणा कोणाचा, माणसाचा की देवाचा, ते वाक्य उघडं सोडलंय. मुद्दाम की सहज यावर वाद घालता येईल, पण रोम १:१७ मध्येच आधी "पिस्तिसपासून पिस्तिसकडे" असं म्हटलंय हे विसरू नका.

आता योहान. पहिल्यांदा हे करणाऱ्यांना इथे धक्का बसतोच, योहानाच्या शुभवर्तमानात पिस्तिस हे नाम एकदाही नाही. शून्य. क्रियापद मात्र ९८ वेळा. त्याच्या लेखी विश्वास ही जवळ बाळगायची वस्तू नाहीच जणू, ती फक्त करायची गोष्ट आहे. ९८ उतरवताना हात दुखला पण एक रत्न सापडलं, योहान २:२३-२४. सणाच्या वेळी चमत्काराची चिन्हं बघून पुष्कळांनी येशूच्या नावावर विश्वास ठेवला, पण येशूने स्वतःला त्यांच्या भरवशावर सोडलं नाही. दोन्हीकडे क्रियापद एकच, पिस्तेउओ! त्यांनी त्याच्यावर ठेवला, त्याने त्यांच्यावर नाही ठेवला. भाषांतरात दुसऱ्या ठिकाणी वेगळा शब्द येतो त्यामुळे ही टक्कर कानाला लागतच नाही. मी ते वचन हिरव्याने दोनदा अधोरेखित केलं, उलट दिशेचे बाण काढून.

इब्री ११ बद्दल सगळे विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. ११:१ ला सगळे व्याख्या म्हणतात, विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींची हिपोस्तासिस आणि न दिसणाऱ्यांचा एलेंखोस. हिपोस्तासिस म्हणजे शब्दशः खाली उभं असलेलं, पाया, आधार. याच पत्रात हा शब्द अजून दोनदा येतो, १:३ ला देवाच्या मूळ स्वरूपाबद्दल आणि ३:१४ ला बहुतेक भाषांतरं भरवसा असा लावतात. इजिप्तमधल्या पपायरसांवर तो मालमत्तेच्या संदर्भात पण सापडतो, त्यावरून काहीजण इथे मालकीहक्काचा कागद असा अर्थ लावतात. लॅटिन बायबलने, वुल्गातने, सुबस्टान्सिया घेतला, वस्तुरूप आधार, तर जर्मन भाषांतर करणाऱ्या लूथरने तो माणसाच्या मनात नेला, पक्का भरवसा म्हणून. आपण मराठीत भरवसा आणि खातरी वाचतो म्हणजे आपण मनाच्या बाजूला आहोत. एलेंखोस तर पुरावा, पडताळणी, मनातली भावना नाहीच. माझा कल आता आधाराच्या बाजूला झुकलाय, पण तपकिरी रेघ मारलेली नाही, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.

खरं सांगू का, ११:१ वर एवढा वेळ घालवायचा नाही असं आता वाटतं. खरी व्याख्या त्या पुढच्या यादीत आहे. "पिस्तेइ", विश्वासाने, हा शब्द त्या अध्यायात १८ वेळा येतो, आणि मी त्यानंतरची सगळी क्रियापदं एका रकान्यात काढली. अर्पण केलं, तारू बांधलं, निघाला, लपवून ठेवलं, नाकारलं, पार गेले, हेरांना घरात घेतलं. ११:३ ला "समजतो" आहे आणि ११:६ ला देव आहे हे मानलं पाहिजे असं म्हटलंय, तिथे निळा दिलाय, तो लपवायचा नाही. पण बाकी रकाना पायांचा आणि हातांचा आहे. अब्राहाम कुठे जायचं माहीत नसताना निघाला. आणि मग ११:११, जिथे वचन देणाऱ्याला पिस्तोस, विश्वासू, मानलं असं येतं. म्हणजे माणसाची पिस्तिस उभी कशावर, तर समोरच्याच्या पिस्तोस असण्यावर. एका वचनात हिरवा आणि लाल एकमेकांना चिकटून! इथेच मला कळलं की रंग वेगळे करायची माझी पद्धतच थोडी चुकीच्या गृहीतावर आहे, आता अशा जागांना दोन्ही रेघा एकावर एक मारते.

याकोबमध्ये मात्र मी सरळ चूक केली आणि ती दुरुस्त करायला एक संध्याकाळ गेली. १६ जागा आहेत, त्यातल्या ११ एकट्या २:१४-२६ मध्ये, क्रियेवाचून विश्वास मेलेला वगैरे, तो प्रसिद्ध भाग, म्हणून मी सगळं पत्रच निळं करून टाकलं. नंतर बघते तर १:६ ला विश्वासाने मागावं, ५:१५ ला विश्वासाची प्रार्थना, हे तर स्पष्ट हिरवे. खोडून परत केलं. पण २:१९ चा निळा मात्र अस्सल आहे, देव एक आहे असं भूतंही मानतात आणि थरथर कापतात. (हे क्रियापदाच्या पानावर आहे.) माझ्या अख्ख्या वहीत सगळ्यात शुद्ध निळं वचन हेच, ज्यात मान्यता शंभर टक्के बरोबर आहे आणि भरवसा अजिबात नाही, आणि ते भुतांबद्दल आहे.

पौल आणि याकोब भांडतात का (नुसता विश्वास पुरे की कृतीही हवी), यावर मागच्या वेळी बरीच चर्चा झाली होती. दोघेही उत्पत्ती १५:६ च वापरतात, अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून मोजला गेला. पौल रोम ४ मध्ये म्हणतो की हे सुंतेच्या आधीचं आहे, सुंता १७ व्या अध्यायात येते. याकोब तेच वाक्य उत्पत्ती २२ ला, अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर अर्पण करायला निघतो त्या प्रसंगाला जोडतो. "केवळ विश्वासाने" हे शब्द ग्रीक नव्या करारात फक्त याकोब २:२४ ला आहेत आणि तेही नकार देऊन, रोम ३:२८ ला "केवळ" हा शब्द लूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात घातला. मला दोघांचा निळा-हिरवा फरक खरा वाटतो, याकोब नुसत्या निळ्यावर तुटून पडतोय. पण एवढ्याने सगळा ताण मिटतो असं मी म्हणणार नाही, २:२४ मला अजूनही टोचतं.

मार्क ९ मागच्या भागात घाईत उरकला होता, परत वाचला. आजारी मुलाचा बाप ९:२२ ला म्हणतो, काही करता येत असेल तर आम्हाला मदत कर. मग ९:२४ ला ओरडतो, विश्वास ठेवतो, माझ्या अविश्वासाला मदत कर. मदतीचं क्रियापद दोन्हीकडे एकच, आणि त्या क्रियापदाचं मूळ हाक ऐकून धावून जाणं असं आहे. आधी मुलासाठी मागितलं, मग त्याच शब्दात स्वतःच्या अविश्वासासाठी, जणू घरात दुसरा रुग्ण आहे. माणसाकडे त्या क्षणी पिस्तिस आणि अपिस्तिया दोन्ही आहेत आणि मुलगा बरा होतो. कुठला रंग देऊ? दिला नाही. तसंच ठेवलंय.

रिकाम्या जागा अजून सहा आहेत, त्या जाणूनबुजून. रोम ३:२२, ३:२६, गलती २:१६ मध्ये दोनदा, २:२०, ३:२२. सगळीकडे "ख्रिस्ताची पिस्तिस" अशी षष्ठी, म्हणजे ख्रिस्तावरचा आपला विश्वास की ख्रिस्ताचा स्वतःचा विश्वासूपणा? रोम ४:१६ ला "अब्राहामाची पिस्तिस" हीच रचना आहे आणि तिथे कोणी अब्राहामावर विश्वास असा अर्थ लावत नाही. पण मार्क ११:२२ ला "देवाची पिस्तिस बाळगा" म्हणजे देवावर विश्वास ठेवा असाच अर्थ घ्यावा लागतो, मग काय करायचं. गलती २:१६ मध्ये तर मधोमध "आम्हीही ख्रिस्त येशूवर विश्वास ठेवला" असं क्रियापद आहेच, मग दोन्ही बाजूंची नामंही तेच सांगत असतील तर एका वाक्यात तीनदा का? की ठसवण्यासाठी? मी रोज वेगळ्या बाजूला जाते.

फिलिप्पै ३:९ ला पोचले की सात होतील. त्याआधी दोन्ही तीमथ्य घेतेय, २७ जागा आहेत. ज्यांनी गलती केलंय त्यांनी २:२० ला कोणती रेघ मारली ते सांगा, आणि का ते पण.