आमची वाटचाल : डबा हलका करण्याचा धंदा

२००९ च्या पावसाळ्यात मी आणि माझा मावसभाऊ, असे आम्ही दोघांनी मिळून एक जुना ‘छोटा हत्ती’ टेम्पो विकत घेतला आणि अंधेरीला विमानतळाजवळच्या एका पंचतारांकित हॉटेलचा ओला कचरा उचलण्याचे काम घेतले. दर किलोमागे ठरला होता. रात्री साडेअकराला मागच्या फाटकावर गाडी लावायची, कचऱ्याच्या थंड खोलीतून चाकांचे हिरवे डबे ओढत आणायचे, वजन करून चलनावर सही घ्यायची आणि पहाटेच्या आत माल वसईकडच्या वराहपालकांना पोचवायचा, हा आमचा क्रम होता. त्या डब्यांमध्ये काय असे, हे ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको. न उघडलेले दह्याचे कप, सबंध केक, हात न लागलेली बिर्याणी आणि वर टिश्यू पेपरांचा थर. माझी आई ताटात भाताचे शीतही राहू देत नसे. पहिले काही महिने मला त्या खोलीतून बाहेर आल्यावर जेवण जात नसे. पुढे सवय झाली, आणि ती सवय झाल्याचे मला आजही वाईट वाटते.

पुढची काही वर्षे बरी गेली. वराहपालन शहरापासून दूर सरकले तेव्हा आम्ही भिवंडीच्या पुढे भाड्याने जागा घेऊन खत करू लागलो. हॉटेले एकाची सहा झाली, गाड्या तीन झाल्या, माणसे नऊ झाली. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि धुराचे लोट दिवसेंदिवस शहरावर राहिले, तेव्हा प्रथमच हॉटेलांच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांनी आम्हांला बोलावून विचारले की, आमचा कचरा नेमका जातो कुठे? त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर तो वेगळा करण्याची आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी आली. आम्हांला वाटले, आता आपले दिवस आले. घडले उलटेच, आणि ते सविस्तर सांगितल्याशिवाय ही वाटचाल पूर्ण होणार नाही.

मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये मोठ्या आस्थापनांना नोटिसा दिल्या की, वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांचा किंवा दिवसाला शंभर किलोंपेक्षा जास्त निघणारा ओला कचरा २ ऑक्टोबरनंतर उचलला जाणार नाही. आमच्या हॉटेलांचा कचरा पालिका उचलतच नव्हती, परंतु ‘आवारातच प्रक्रिया’ हे शब्द प्रत्येक जनरल मॅनेजरच्या टेबलावर पोचले. आम्ही सहाही ठिकाणी प्रस्ताव दिले. त्यात कचरा बारीक करणारे यंत्र, भुसा, कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचे विरजण आणि जाळीच्या क्रेटांची मांडणी होती. जागा दोन मोटारींएवढी लागणार होती आणि खत पिकायला पाच ते सहा आठवडे लागतील, असे आम्ही स्वच्छ लिहिले होते. नेमक्या त्याच सुमारास एक कंपनी बाजारात उतरली. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण मला भांडण नको आहे, हिशेब मांडायचा आहे. तिच्याकडे पोलादी कपाटासारखे चकचकीत यंत्र होते आणि माहितीपत्रकावर एकच वाक्य होते, ‘चोवीस तासांत खत’.

या धंद्यातल्या माणसाला चोवीस तासांत खत होत नाही हे ठाऊक असते. यंत्रात तापवणारी कॉइल आणि फिरणारी पाती असतात. ती कचऱ्यातले पाणी उडवतात आणि अन्नात मुळात पाणीच बहुतांश असल्यामुळे डबाभर माल घमेलेभर होतो. हाती येते ती तपकिरी, कोरडी, भाजल्यासारखा वास असलेली पूड. ती वाळवलेले अन्न असते, खत नव्हे. खरे खत होताना ढीग स्वतःच्या उष्णतेने पंचावन्न-साठ अंशांवर जातो, काही दिवस तिथे राहतो, मग सावकाश निवतो आणि त्यानंतर पिकायला वेळ घेतो. ढिगात लांब दांड्याचा तापमापी खुपसून रोज वहीत आकडा लिहिणे, मूठभर माल घट्ट पिळून बोटांतून एक-दोनच थेंब येतात का ते पाहणे, शेवटी चार मिलिमीटरच्या चाळणीतून माल काढणे, ही आमची विद्या. शासनाच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कर्ब-नत्राचे गुणोत्तर विसाच्या आत आणि विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, चारच्या आत हवी असे मानक आहे. हॉटेलच्या शिजवलेल्या अन्नात मीठ इतके असते की ही दुसरी अट पाळताना आमच्याही नाकी नऊ येत. बागेतला पाचोळा आणि कच्च्या भाजीचे देठ भरपूर मिसळले तरच ते जमते.

मी हे सारे एका हॉटेलच्या सभागृहात समजावून सांगितले. मॅनेजर साहेबांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘तुमच्या क्रेटांना वास येतो का?’ मी खरे उत्तर दिले की, नीट सांभाळले नाही तर येतो. त्या एका उत्तराने आमचे काम गेले. पाच महिन्यांत सहापैकी चार हॉटेले गेली. एका ठिकाणी आठ वर्षांचा संबंध दोन ओळींच्या मेलने संपला आणि मागच्या दोन महिन्यांचे बिल आजतागायत आलेले नाही. पुढे त्यांच्याच माळ्याने मला बोलावून हिरवळ दाखवली. पूड पसरल्यावर पहिल्या पावसात तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती, आंबूस वास सुटला होता आणि गवत पट्ट्यापट्ट्यांनी जळाले होते. त्या माणसाला वाटत होते की त्याचेच काही चुकले. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी पेलाभर पूड ओली करून बंद बरणीत ठेवावी आणि चार दिवसांनी झाकण उघडावे, प्रयोगशाळेत जायची गरज पडणार नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात दोन गाड्यांचे हप्ते, जागेचे भाडे आणि नऊ माणसांचे पगार यांपुढे आमच्याकडे दोनच हॉटेले उरली. पत्नीने न बोलता पाटल्या काढून दिल्या, त्या गहाण पडल्या. आमचे रोज रात्री वाद होत. भाऊ म्हणे, आपणही तसलेच यंत्र विकू या, गिऱ्हाईकाला जे हवे ते द्यावे. मला ते पटेना.

आम्हांला ज्यांनी वाचवले ते उरलेल्या दोनपैकी एका हॉटेलचे चीफ स्टुअर्ड, म्हणजे भांडी घासण्याच्या आणि किचनच्या स्वच्छतेच्या विभागाचे प्रमुख. मूळचे मालवणकडचे, भांडी घासण्यापासून वर चढलेले आणि हॉटेलात सगळ्यांचे काका. यंत्रवाले त्यांच्याकडेही येऊन गेले होते. एका रात्री वजन चालू असताना ते डब्याला हात लावून म्हणाले, ‘अरे, तुझं खत नको मला आणि त्यांची पूडही नको. हा डबा हलका कसा होईल ते सांग.’ नऊ वर्षे मी त्या डब्याचे वजन करत होतो आणि ते वजन कमी व्हावे असा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. कारण उघड होते. आमचा दर किलोमागे होता. डबा जड असेल तेवढी आमची कमाई.

आम्ही काट्याची जागा बदलली. एवढेच केले, पण सगळे त्यातून निघाले. तोवर दीडशे किलोंचा प्लॅटफॉर्म काटा कचऱ्याच्या खोलीत होता आणि तिथे पोचेपर्यंत सगळे एकत्र झालेले असे. तो काटा आम्ही भांडी घासण्याच्या जागेशेजारी, जिथे वेटर ट्रे ठेवतात तिथे आणला आणि एका डब्याचे चार केले. एकात तयारीतली साले आणि देठ, दुसऱ्यात साठ्यात खराब झालेले, तिसऱ्यात बुफेत किंवा बँक्वेटमध्ये वाढले न गेलेले आणि चौथ्यात ताटातले उष्टे. चारही डब्यांचे वजन प्रत्येक जेवणानंतर भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर, आणि त्या शेजारी त्या वेळी जेवलेल्या माणसांची संख्या. माणशी ग्रॅम काढल्याशिवाय किलोच्या आकड्याला अर्थ नसतो, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवावे. कलिंगडाच्या सालींचे आणि शहाळ्यांचे वजन तर वेगळेच ठेवावे. पहिल्या आठवड्यात फळ्यावर आकडा फुगला आणि शेफवर ठपका आला, प्रत्यक्षात तो सगळा कलिंगडाचा भार होता. त्या शेफचा विश्वास परत मिळवायला आम्हांला महिना लागला.

फळ्याने काय दाखवले? आम्हां सगळ्यांना वाटत होते की पाहुणे ताटात टाकतात. ताटातले उष्टे होतेच, पण त्याहून मोठा डबा तिसरा होता, न वाढलेल्या अन्नाचा. सकाळचा बुफे साडेदहाला बंद होई आणि दहा वाजता प्रत्येक चेफिंग डिश, म्हणजे अन्न गरम ठेवणारे भांडे, काठोकाठ भरली जाई, कारण शेवटच्या पाहुण्यालाही भरलेले भांडे दिसले पाहिजे हा नियम. शेफनी साडेनऊनंतर अर्ध्या आकाराची भांडी आणि ऑम्लेट-डोश्यासारखे समोर करून देण्याचे पदार्थ यांवर भर दिला. भांडे भरलेलेच दिसे, फक्त लहान असे. कोणा पाहुण्याची तक्रार आली नाही. लग्नाच्या बँक्वेटला यजमान अमुक इतक्या माणसांची हमी देतात, विक्री विभाग त्यावर थोडी जादा धरतो, किचन त्यावर स्वतःची जादा धरते आणि प्रत्यक्षात माणसे हमीपेक्षा कमी येतात. या दोन जादा एकमेकांना ठाऊकच नव्हत्या. काकांनी दोन्ही विभागांना फळ्यापुढे उभे केले. मात्र सर्वांत अनपेक्षित जागा निघाली ती तळघरातले कर्मचाऱ्यांचे जेवणघर. तिथे भात वाढायचा डाव इतका मोठा होता की एका डावातच ताट भरे आणि निम्मे टाकले जाई. डाव लहान केला, हवा तितक्यांदा घ्या असे सांगितले, आणि त्या डब्याचा भात दिसेनासा झाला. एका डावाची किंमत ती काय!

इथे मला थोडे कडक लिहावेसे वाटते. उरलेले अन्न गरजूंना देण्याची सोय चांगलीच आहे, २०१९ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यासाठी नियमही केले. परंतु दोन तास बुफेत उघडे राहिलेले अन्न देऊन पुण्य घेणे आणि वाढण्यापूर्वीच जास्तीचे अन्न झटपट थंड करून, वेळेची चिठ्ठी लावून देणे, यांत फरक आहे. पहिले करू नये. आणि दानाची सोय आहे म्हणून जास्त शिजवणे तर मुळीच करू नये.

डबा हलका होऊ लागला तसे आमचे बिलही हलके झाले. भाऊ म्हणाला, ‘दादा, आपण आपल्याच पोटावर पाय देतोय.’ त्याचे चुकीचे नव्हते. त्याच्या दोन मुलींच्या शाळेची फी त्याच किलोंवर होती. ऑगस्टमध्ये तो एक गाडी घेऊन वेगळा झाला. आमच्यात कडू शब्द गेले नाहीत, पण पहिल्या रात्रीपासून डबे ओढणारा माणूस शेजारी नाही, हे मला आजही रात्री साडेअकराला जाणवते. त्यानंतर मी काकांच्या मदतीने हॉटेलपुढे नवा करार ठेवला की, किलोमागे दर नको, महिन्याचे ठरावीक शुल्क द्या आणि माणशी ग्रॅम घटले तर किचनच्या वाचलेल्या खरेदीतला छोटा हिस्सा द्या. लेखा विभागाने तीन महिने कागद अडवून ठेवला. काकांनी दर सोमवारी त्यांच्या टेबलावर फळ्याचा फोटो नेऊन ठेवला. डिसेंबरात सही झाली आणि मार्चमध्ये पाटल्या सोडवून आणल्या.

२०२० मध्ये टाळेबंदीत हॉटेले बंद पडली. काही हॉटेलांत विलगीकरणातले प्रवासी आणि डॉक्टर राहिले, त्यांची बंद डब्यांतली जेवणे न उघडता परत येत, ती आम्ही भिवंडीला नेत राहिलो. ते वर्ष आम्ही तसेच काढले. त्याबद्दल सगळ्यांकडेच सांगण्यासारखे आहे, मी वेगळे काय सांगणार.

आज आमच्याकडे पाच हॉटेले आहेत आणि सगळीकडे काटा भांडी घासण्याच्या जागेशेजारी आहे. उरतो त्या कचऱ्याचे खत अजूनही आम्हीच करतो, पाच आठवडे लावून. या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना मी सांगतो की, काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घ्या, नाहीतर पहिल्याच वादात तुमचा आकडा कोणी मानणार नाही. फळा पांढराच लावा आणि तो स्क्रीनवर नेऊ नका, कारण भांडी घासणारा मुलगा स्वतःच्या हाताने आकडा लिहितो तेव्हाच तो त्याचा होतो. किलोमागे दर घेऊ नका.

काका निवृत्त होऊन गावी गेले. महिन्याच्या एक तारखेला त्यांचा फोन येतो आणि ते मागच्या महिन्याचा माणशी आकडा विचारतात. गेल्या महिन्यात मी त्यांना एक वेगळी बातमी दिली. दोन ओळींच्या मेलने आम्हांला काढणाऱ्या हॉटेलातून नव्या मॅनेजर बाईंनी आम्हांला बोलावले होते. ते पोलादी यंत्र अजून तिथे आहे, वायर काढून भिंतीशी लावलेले, वर जुनी पातेली रचलेली. बाईंनी आवारात खत करण्याचा दर विचारला. मी दर दिला, थकलेल्या दोन महिन्यांच्या बिलाची प्रत जोडली आणि एक अट लिहिली की, काटा कचऱ्याच्या खोलीत बसणार नाही. काकांनी विचारले, ‘मग कुठे?’ आणि मी सांगायच्या आधी त्यांनीच उत्तर दिले. हॉटेलचे उत्तर अजून यायचे आहे.