यॉर्कटाऊन आणि आपला कॉर्नवॉलिस

शाळेत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हणजे बोस्टनचा चहा समुद्रात फेकला आणि जिंकले, एवढंच डोक्यात राहिलेलं. खरं बघितलं तर वॉशिंग्टनसाहेब जिंकले कमी आणि हरले जास्त, १७७६ ला न्यूयॉर्क गेलं, पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया गेलं, मग व्हॅली फोर्जच्या छावणीत थंडीत रोगराईने दोनेक हजार सैनिक मेले, पण पठ्ठ्याने सैन्य मोडू दिलं नाही बस्स. १७७७ ला साराटोगाला इंग्रजांची एक अख्खी फौज शरण आली, तेव्हा कुठे फ्रेंचांना वाटलं की ह्यांच्यात दम आहे आणि ते उघडपणे उतरले.

शेवटचा डाव तर भारीच. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात यॉर्कटाऊनला समुद्राच्या भरवशावर बसलेला, आणि सप्टेंबर १७८१ मध्ये फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराच्या तोंडाशी इंग्रजी जहाजांना परतवलं. मागून वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो पार न्यूयॉर्ककडून चालत आले, झाली कोंडी! १९ ऑक्टोबरला शरणागती, तर कॉर्नवॉलिस गडी "तब्येत बरी नाही" म्हणून आलाच नाही, तलवार द्यायला हाताखालच्या जनरलला पाठवलं 😄

आणि हाच माणूस १७८६ ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल! टिपूविरुद्ध मराठे आणि निजाम ह्याच्याच बाजूने लढले. तिकडे हरून आला तरी इकडे प्रमोशन. कबर आहे गाझीपूरला.