मुंग्या

गेल्या आठवड्यात टी.वाय.च्या वर्गाला कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड, म्हणजे विश्वाच्या जन्मापासून उरलेलं, सगळ्या दिशांनी येणारं क्षीण प्रारण, शिकवत होते. पंचवीस वर्षं हा धडा मी एकाच वाक्याने सुरू करते: टीव्हीवर मुंग्या येतात ना, त्यातली शंभरातली एखादी १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वजन्माची खूण घेऊन आलेली असते. यावर वर्गातून हमखास एक 'आँ?' यायचा. या वेळी शांतता. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मुंग्या टीव्हीच्या आत जातात?"

बरोबरच आहे. पोरं सेटटॉप बॉक्सनंतरची. सिग्नल गेला की आमच्या टीव्हीवर काळे-पांढरे ठिपके वळवळायचे, त्यांना आम्ही मुंग्या म्हणायचो; त्यांच्या टीव्हीवर सूचना येते. मुंग्या त्यांना फक्त साखरेच्या डब्यातल्या ठाऊक.

घरी येऊन माळ्यावरून चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही काढला. त्याला 'पोर्टेबल' म्हणायचे. उतरवताना कंबर धरली. ठाण्याच्या नौपाड्यातल्या या घरात तो आला तेव्हा मी पाचवीत होते. वरळीचं दूरदर्शन केंद्र १९७२ सालचं, आमच्या गच्चीपासून हवेतून सुमारे २५ किलोमीटर. रविवारचा सिनेमा लागला की बाबा गच्चीवर अँटेनाची दांडी धरून, मी जिन्यात आणि दादा टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं का?" "आलं! ...गेलं!" उत्तर माझ्यामार्फत वर पोचेपर्यंत बाबांनी दांडी पुढे फिरवलेली असायची. गंमत म्हणजे त्यांनी दांडी धरली की चित्र स्वच्छ, सोडली की मुंग्या. माणसाचं शरीर वीज वाहून नेतं, त्यामुळे बाबा स्वतःच अँटेनाचा भाग व्हायचे. बी.एस्सी.ला असताना हे त्यांना समजावलं, तर म्हणाले, "म्हणजे सिनेमा संपेपर्यंत मी वरच उभा राहायचं?"

दुसऱ्या दिवशी टीव्ही रिक्षात घालून निघाले. रिक्षावाल्याने भंगारवाल्याचा पत्ताही सांगितला.

वर्गात बटण दाबलं, काही नाही. मग बाबांच्या पद्धतीने डाव्या कुशीवर एक थाप. आतलं सैल डाखकाम क्षणभर जुळलं असावं. खर्रर्र आवाज आला आणि पडदाभर मुंग्या वळवळायला लागल्या. साठ पोरं गप्प. अर्थात बहुतेक मुंग्या टीव्हीच्या स्वतःच्या पोटातल्या, उरलेल्यांतल्या बऱ्याचशा बाहेरच्या रिक्षांच्या आणि कँटीनच्या मिक्सरच्या, हे सांगितलंच. हे प्रारण शोधणाऱ्या पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांनाही १९६४मध्ये अमेरिकेत हीच शंका होती. त्यांच्या अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं. घाण खरवडून काढली, कबुतरं हाकलली, तरी खरखर जाईना. ती खरखर म्हणजेच विश्वजन्माची खूण निघाली, आणि तिच्याबद्दल १९७८ साली नोबेल मिळालं. आमच्या सोसायटीतही कबुतरांवरून तीन वर्षं सभा गाजतायत. नोबेल काही अजून आलेलं नाही.

सगळ्यांनी मोबाइल काढून व्हिडिओ घेतले. रात्री वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच येऊन पडले आणि मी बघत राहिले. मुंग्या गायब! नुसते करडे चौकोन, फरशीवर ओलं पोतेरं फिरवल्यासारखे. मग डोक्यात आलं. व्हिडिओ लहान करताना मोबाइल अख्खं चित्र दर वेळी साठवत नाही; मागच्या चित्रापासून काय बदललं तेवढंच ठेवतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाच्या मागची भिंत एकदा साठवली की भागतं. मुंग्यांमध्ये मात्र प्रत्येक ठिपका दर क्षणी नवा, मागच्याचा पुढच्याशी काही संबंध नाही. साठवायचं तर सगळंच साठवायला लागणार. तेवढी जागा नाही, म्हणून मोबाइल सरळ अंदाजपंचे रंग फासतो. पुढचे दोन्ही तास यावरच गेले. सिलॅबस मागे पडला, तो असाही पडतोच.

रविवारी लेकाने तोच व्हिडिओ आजोबांना दाखवला. बाबा आता ८४ वर्षांचे. चश्मा वर करून त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला, खिडकीकडे नेला.

"अरे, काहीच येत नाहीये यावर," ते म्हणाले. "तुझ्या आईला गच्चीवर पाठव."