एका परीक्षकासाठी पुन्हा लावलेला खेळ

आमच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार ठरवायला ज्युरी बसणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी कळलं की पाचांपैकी एका परीक्षकाने स्पर्धेतला एक चित्रपट सभागृहात पाहिलेलाच नाही. ताप होता म्हणून कुणीतरी त्यांना ऑनलाइन लिंक पाठवली आणि त्यांनी तो खोलीत लॅपटॉपवर पाहिला. लिंक कुणाच्या परवानगीने गेली, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. स्पर्धेतला प्रत्येक चित्रपट प्रत्येक परीक्षकाने मोठ्या पडद्यावरच पाहायचा, असं नियमावलीत स्वच्छ लिहिलेलं आहे.

त्यातून हा चित्रपट जवळजवळ सगळा रात्रीचा, छायालेखनाच्या पुरस्कारासाठी चर्चेत असलेला. डीसीपीमध्ये, म्हणजे सभागृहात दाखवायच्या डिजिटल प्रतीत, प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे जेपीईजी 2000 पद्धतीने, 12 बिटमध्ये साठवलेली असते; बिट जितके जास्त, तितक्या छटा जास्त. सभागृहात पांढऱ्याची पातळी 14 फूट-लँबर्टवर (पडद्यावरच्या उजेडाचं माप) लावलेली आणि भोवती पूर्ण अंधार. लिंकवर येते ती बहुधा 8 बिटची, दाबून लहान केलेली प्रत. काळ्याच्या आतल्या छटा एकमेकींत विरघळतात, रात्रीच्या आभाळावर पट्टे उमटतात, वर वॉटरमार्क. 5.1 चा, म्हणजे समोरून आणि मागून सहा वाहिन्यांतून येणारा ध्वनी दोन स्पीकरांत कोंबला जातो आणि मागून यायला हवेत ते आवाज संवादांवर चढून बसतात. अशा चित्रपटाला ‘अंधुक’ म्हणणारा परीक्षक खोटं बोलत नसतो. त्याच्या पुढ्यात चित्रपटच वेगळा आलेला असतो.

म्हणून सकाळी बैठकीआधी खेळ लावायचं ठरलं. फाइल आहे, बटण दाबा, असं आयोजकांनाही वाटतं. पण डीसीपी बहुधा कुलूपबंद असतो. त्याची किल्ली, म्हणजे केडीएम, ठरावीक सर्व्हरलाच (चित्रपट चालवणाऱ्या यंत्रालाच) आणि ठरावीक तासांपुरतीच चालते, आणि आधीच्या किल्लीची मुदत खेळाच्या रात्रीच संपली होती. नवी मागताना सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याची डिजिटल ओळख, जोडावं लागतं. ते जुन्या यादीतून उचलू नये, त्याच वेळी सर्व्हरवरून उतरवून घ्यावं. मधल्या काळात मीडिया ब्लॉक, म्हणजे सर्व्हरचा कुलूप उघडणारा भाग, बदललेला असला तर किल्ली येते, सर्व्हरवर चढते आणि चित्रपट उघडतच नाही. वेळ लिहिताना ती स्थानिक की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) हे नमूद करावं, नाहीतर किल्ली बनवणारी लॅब आपल्या समजुतीने घेते आणि किल्ली खेळ संपल्यावर सुरू होते. शिवाय निर्मात्याची लेखी संमती मिळेपर्यंत लॅब हात लावत नाही.

जागा करण्यासाठी चित्रपट सर्व्हरवरून काढून टाकलेला होता. दीडशे जीबीच्या आसपासचा डीसीपी पुन्हा चढवायचा, हॅश (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) तपासायचा, मग सुरुवात, प्रत्येक रीलचा, म्हणजे चित्रपटाच्या तुकड्याचा, जोड आणि सबटायटल्स पडद्यावर पाहायची. आमच्या प्रोजेक्शनिस्टने हे सगळं रात्रीतून केलं. आभाराच्या यादीत मात्र प्रोजेक्शनवाल्यांचं नाव येत नाही, याचा मला राग आहे.

सकाळी ज्युरीच्या अध्यक्षांनाही यायचं होतं. त्यांना नाही म्हटलं. त्यांनी तो एकदा सभागृहात पाहिला होता. प्रत्येकाचं पाहणं समान हवं असेल तर दुसरी संधी त्यांनाही नाही. यावर मी आजही ठाम आहे.

छायालेखनाचा पुरस्कार त्याच चित्रपटाला मिळाला. कुणाचं मत कुठे गेलं हे सांगायचं नसतं. पण कार्यक्रम विभागातल्या एका सहकाऱ्याचा आक्षेप मला खोडता आलेला नाही: इतर चित्रपट त्या परीक्षकाला आठवणीतून तोलायचे होते, हा एकच डोळ्यांसमोर ताजा होता. न दाखवणं अन्यायाचं होतं यात शंका नाही. बैठकीच्या सकाळी दाखवणं पूर्ण न्यायाचं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

पुढच्या वर्षासाठी मी लेखी मागितलंय की स्पर्धेतल्या चित्रपटांच्या किल्ल्यांची मुदत पुरस्कार समारंभापर्यंत असावी. चोरीच्या भीतीने वितरक ती लांबवायला तयार नसतात, तेव्हा ही अट प्रवेशिकेच्या करारातच घालावी लागेल. दुसरी मागणी राखीव खेळाची: बैठकीच्या दोन दिवस आधी एक सभागृह रिकामं ठेवायचं. त्यावर वेळापत्रक करणारे म्हणतात, तेवढ्यात दोन चित्रपट दाखवता येतात.