आठ ट्रायपॉड आणि एक कडा

पहाटे साडेचारला कड्यावर पोचलो. आठ जण, आठ ट्रायपॉड आणि जागा जेमतेम चौघांची! त्यात कुणाच्या तरी हेडलॅम्पचा झोत सारखा दुसऱ्याच्या लाँग एक्स्पोजरमध्ये (म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवून काढायच्या फोटोत). सूर्योदयाआधीचा तो निळा उजेड टिकतो किती, तर वीस-पंचवीस मिनिटं. त्यातली दहा माझी लेन्स पुसण्यात गेली. गार काच, दमट वारा, दव धरणारच. शेवटी टीशर्टच्या टोकाने पुसली (हो, माहितीये, करू नये).

मग दरीतून धुकं वर आलं आणि सगळ्यांची बडबड आपोआप थांबली. कॅमेऱ्याचं सेटिंग: एफ ११, आयएसओ १००, शटर २ सेकंद. एकामागे एक डोंगररांगा, मागची प्रत्येक पुढच्या रांगेपेक्षा फिकट निळी. मधल्या हवेत विखुरलेल्या उजेडाची करामत. बाकीचे वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स लावून बसलेले. मी ७०-२०० मिमीची झूम लेन्स चढवली, २०० वर, म्हणजे पूर्ण झूमवर गेलो, तशा त्या रांगा एकमेकींना खेटूनच उभ्या राहिल्या.

घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघतो तर सगळ्यात भारी फ्रेमच्या कोपऱ्यात एक काळपट धूसर पट्टा. वाऱ्याने फडफडणारा, माझ्याच कॅमेऱ्याचा. इतका वेळ हेडलॅम्पवाल्याला बोलत होतो मी!