कोवळा आहे तोवर

भाजीवाल्याकडे नवलकोल घेताना मी आधी नख लावून बघते. सालीत सहज रुतलं तर घ्यायचा, नाही रुतलं तर गुपचूप परत ठेवायचा. भाजीवाले यावर चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्तच आहे. पण काय करणार, बाजारातले बहुतेक नवलकोल वयानं थोराड असतात.

त्यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. भाजी किलोवर विकली जाते, म्हणजे गड्डा जितका जड तितके पैसे जास्त. पत्ताकोबी मोठी झाली म्हणून बिघडत नाही. नवलकोल मात्र मुठीत मावेनासा झाला की हटकून दोरा धरतो. कारण तो मुळात खोड आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली या सगळ्यांच्या कुळातलाच, पण यानं पानांचा गड्डा किंवा फुलांचा तुरा न करता खोडच फुगवून ठेवलं. खोडाचं काम झाड उभं धरायचं. आपण खाणार आहोत याची त्याला काय कल्पना! जरा वय झालं की बुडाकडून त्याचं लाकूड व्हायला लागतं. म्हणून विकतचा आणलाच तर मी बुडाचा तिसरा हिस्सा सरळ कापून टाकते आणि साल जाड काढते. नवलकोल आवडत नाही म्हणणाऱ्यांनी बहुधा म्हातारा नवलकोलच खाल्लेला असतो, असं माझं मत आहे. कोवळा खायचा तर घरीच लावावा लागतो.

आमच्याकडे लातुरात न्हाणीमागे जेमतेम दोन वाफ्यांची जागा. दसऱ्याला कुंडीत बी टाकायचं, दिवाळीच्या आगेमागे वीतभर अंतरानं रोपं लावायची. पाकिटावर ‘व्हाईट व्हिएन्ना’ असं लिहिलेलं असतं. कुठल्या कुठल्या राजधानीचं नाव मिरवणारं ते बी आमच्या काळ्या रेगडीत, शेणखत जरा सढळ हातानं घातलं की मुकाट उगवतं. थंडी मात्र त्याला हवीच. संक्रांतीनंतर ऊन चढू लागलं की गड्डे लवकर राठ होतात, म्हणून उशिरा लावण्यात हशील नाही.

पाण्याचं मात्र याचं आणि आमच्या गावाचं जुळत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे गाव. नळ रोज येत नाही आणि आला की सगळी भांडी भरून वाहतात. नवलकोलाला नेमका हाच प्रकार सोसत नाही. आठवडाभर कोरडं ठेवून मग एकदम भिजवलं की तो तडकतो. त्याला रोज संध्याकाळी थोडं थोडं लागतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी त्यासाठी बादलीत साठतं. घरात कोणी ते चुकून मोरीत ओतलं तर माझा आवाज शेजारी ऐकू जातो.

याच शेजारच्या काकू, जन्म शेतात गेलेल्या. पहिल्यांदा वाफा बघितला तेव्हा म्हणाल्या, “अगं, गड्डे उघडे पडलेत की! माती लाव की वरून.” खोड आहे, माती लावायची नसते, असं सांगितलं तर त्यांना ते फारसं पटलं नाही. “मग कलंडल की वजनानं,” म्हणाल्या. थोडं कलंडतंही.

पण हे उघडं असणंच मला आवडतं. मुळा, गाजर, बीट मातीखाली काय करतात ते उपटेपर्यंत कळत नाही. नवलकोल सगळं डोळ्यांदेखत करतो. आधी देठांच्या खाली जरा जाडसर, मग लिंबाएवढा, मग अचानक पेरूएवढा. इथेच काढायचा. आणि इथेच हात अडतो, कारण अजून दोन दिवसांत केवढा होईल असं वाटत राहतं. वाढत्या गोष्टीला सुरी लावायला मन कठोर करावं लागतं. शिवाय अळ्याही टपलेल्या असतात. पानाच्या खालच्या बाजूला बारीक हिरव्या, बोट लावलं की वळवळत धाग्यावरून खाली लोंबकळणाऱ्या. वाफ्याच्या कडेनं मोहरी पेरली तर त्यातल्या बऱ्याच तिकडे जातात. उरलेल्यांना निंबोळीचा अर्क.

कोवळ्या गड्ड्याची भाजी करायची घाई करू नये. आधी तो कच्चा खावा. साल काढून फोडी, वर मीठ आणि चिमूटभर तिखट. करकरीत, पाणीदार, मागून हलकी मोहरीसारखी झणक. आमच्याकडे निम्मा वाफा असाच ओट्याशी उभ्या उभ्या संपतो. उरला तर किसून दह्यातली कोशिंबीर, मीठ अगदी पानावर बसताना, नाहीतर पाणी सुटतं. भाजी केलीच तर भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लसूण, हिरवी मिरची, शेवटी दाण्याचा कूट. सोबत ज्वारीची भाकरी. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्यांचा कूट, घालू नये. येसर वांग्याला शोभतो, या बिचाऱ्याचा त्यात जीव घुसमटतो.

आणि पानं! बाजारात ती मोडून शेळ्यांपुढे टाकतात. काश्मीरकडे पाल्यासकट गड्डा शिजवतात, आणि ते शहाणे आहेत. कोवळी पानं मुगाच्या डाळीत घालून लसणाची फोडणी दिली की चांगली पातळ भाजी होते. ती ताजी मिळायला मात्र वाफा घरचाच लागतो.

वेळ अमावस्येपर्यंत, म्हणजे आमच्याकडे शेतात जाऊन साजऱ्या होणाऱ्या मार्गशीर्षातल्या अमावस्येपर्यंत, पहिले गड्डे तयार होतात. त्या दिवशी शेतातल्या कडब्याच्या कोपीसमोर आंबील, उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे) आणि भज्जी. भज्जीत हरभरा, वाटाणा, तुरीचे दाणे, गाजर, पालेभाज्या, वर बेसन, म्हणजे हिवाळ्यात जे जे हाताला लागेल ते. एवढ्या गर्दीत नवलकोलाच्या चार फोडी कोणाला कळणार, म्हणून मी न सांगता टाकल्या. कोणाला कळल्याही नाहीत. सासूबाई मात्र दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाल्या, “यंदा बटाटा जरा करकरीत राहिला गं.” भज्जीत बटाटा नव्हताच. मी त्यांच्या ताटात आंबील वाढली आणि त्या अजून दोन उंडे मागून मोकळ्या झाल्या.