आमची वाटचाल : वेंगुर्ल्यातलं दहा खाटांचं प्रसूतिगृह

मिरजेला एमबीबीएस, मुंबईत परळला स्त्रीरोगाचं पुढचं शिक्षण आणि १९९९ साली वेंगुर्ल्यात भाड्याच्या घरात चार खाटा, अशी आमची सुरुवात. नवरा भूलतज्ज्ञ. तालुक्याच्या गावात सर्जन एक वेळ मिळेल, पण भूल द्यायला माणूस मिळत नाही आणि रात्रीचं सीझर तिथेच अडतं. आमचा तो प्रश्न लग्नातच सुटला होता.

कोकण रेल्वे १९९८ ला सुरू झाली, तिचा आम्हाला फार फायदा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. चाकरमान्यांच्या मुली आठव्या महिन्यात फाईल काखोटीला मारून कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरायच्या. सोनोग्राफ्या मुंबईच्या, कळा आमच्याकडे.

पैशाचं गणित मात्र इथलंच. बागायतदाराचं बिल आंबा-काजूचे पैसे आल्यावर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मच्छीमार घरातलं बिल नारळी पौर्णिमेनंतर. बँकेच्या हप्त्याला हे कोण सांगणार? पहिलं कर्ज जनरेटर आणि ऑटोक्लेव्हसाठी (उपकरणं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र) काढलं, कारण मिरगाचा पहिला पाऊस पडला की लाईट गेलीच. मशीन मागून सुचतात, आधी वीज लागते.

आमचं नाव झालं ते बाळंतपणांमुळे नव्हे. अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरण्याच्या तक्रारीमुळे झालं. भातलावणीत दिवसभर ओणवं राहायचं, डोक्यावर भारे न्यायचे आणि बाळंतपणानंतर विश्रांती कसली ती नाही. अशा बायका पाच-पाच वर्षं कोणाला न सांगता वावरतात. येतात त्या भातकापणी उरकून, तुळशीचं लग्न लावून. आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, आता पिशयेचा काय काम? काडून टाका एकदाची."

पिशवी काढणं सोपं आणि धंद्याला बरं. पण बाई तिशीची असली, तर मी आधी ती वाचवण्याचाच विचार करते. अशा तरुण बायकांसाठी पिशवी वर ओढून बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. विठ्ठल शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी बसवून दिल्या. शिरोडकर जन्मले गोव्यातल्या शिरोड्यात, मिठाच्या सत्याग्रहाचं आमच्या तालुक्यातलं शिरोडा वेगळं. तरीही आरवली-शिरोड्याकडचे लोक त्यांच्यावर हक्क सांगतातच, आणि मीही हल्ली खोडून काढायच्या भानगडीत पडत नाही.

त्यांचं जगभर गाजलेलं काम म्हणजे १९५५ चा टाका. पिशवीचं तोंड कळांशिवाय, मुकाट्याने उघडतं आणि पाचव्या महिन्यात गर्भ निसटतो. असं दोनदा झालेली मुलगी आली, की साधारण बारा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान पिशवीच्या तोंडाभोवती पट्टी घालून गाठ मारायची आणि सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास ती कापायची. शिरोडकरांनी सुरुवातीला पट्टीसाठी बाईच्याच मांडीतल्या स्नायूंवरचं आवरण वापरलं होतं. आम्ही तयार टेप वापरतो. गाठ कुठल्या बाजूला मारली आणि शेपूट किती ठेवलं ते मी कागदावर चित्र काढून फाईलला लावते, कारण टाका काढायच्या वेळी ती मुंबईला असेल किंवा मी ऑपरेशनमध्ये असेन.

चाळिशीत अंगावरून जास्त जाणं, ही दुसरी गर्दी. त्यात कर्करोग नाही ना हे तपासायचं, रक्तक्षय भरून काढायचा, गोळ्या द्यायच्या किंवा हार्मोनची कॉपर टीसारखी वस्तू पिशवीत बसवायची. बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याची बातमी गाजली, तेव्हा आमच्याकडचे लोकही जरा ऐकू लागले. त्याआधी "दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच तारीख दिली" म्हणून निघून गेलेल्या बायका पुष्कळ. गल्ला त्या वर्षांत वाढला नाही, हेही खरं.

ऑपरेशन झालं की मी सासूला बोलावते. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: तीन महिने हंडा उचलायचा नाही. नवऱ्याला सांगून उपयोग नसतो, घरातला हंडा कोणी भरायचा ते सासू ठरवते.

लेबर रूममध्ये एका ट्रेमध्ये रबरी नळी, कंडोम, दोरा आणि सलाईनची बाटली कायम तयार असते. वार पडल्यावर रक्त थांबेना, औषधं हरली, तर नळीला बांधलेला कंडोम पिशवीत घालून सलाईनने फुगवायचा. बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांची ही युक्ती. आमच्याकडे रक्तपेढी नाही, गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळापर्यंत रस्ता आहे. तेवढ्या वेळात बाळंतीण हातची जाऊ नये म्हणून हा खटाटोप.

आता खाटा दहा आहेत, त्या वाढवायच्या नाहीत. नवीन खर्च कोल्पोस्कोपवर, म्हणजे पिशवीचं तोंड मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीवर केला. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी शिबिरं आम्ही मुद्दाम जून-जुलैत ठेवतो. शेतकरीणी तेव्हा लावणीत असतात, पण होड्या किनाऱ्याला लागलेल्या असल्यामुळे मासे विकणाऱ्या बायकांना सकाळ मोकळी मिळते. शेतकरणींसाठी वेगळी फेरी जानेवारीत.